हर्नियाचं ऑपरेशन आहे, मग फिजिशियनकडे का पाठवलं? सर्जनच्या चिठ्ठीविषयी

"डॉक्टर, ऑपरेशन हर्नियाचं आहे. मग तिकडच्या डॉक्टरांनी मला तुमच्याकडे कशाला धाडलं?"

नाशिकमध्ये फिजिशियन म्हणून बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. विचारणारा कळवणहून, पेठहून, नांदगावहून आलेला असतो. पहाटेची एसटी पकडलेली असते, एका दिवसाचा रोज बुडालेला असतो. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तीत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि एक घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं, कारण ती इंग्रजीत असते. आणि त्या चिठ्ठीपायीच तो एवढ्या लांबून आलेला असतो.

लोकांच्या मनात या चिठ्ठीबद्दल बऱ्याच शंका असतात. सर्जनला जमत नाही म्हणून पाठवलं का? खर्च वाढवायला पाठवलं का? फोनवर विचारून भागलं नसतं का? शंका रास्त आहेत आणि त्यांना सरळ उत्तरं मिळायला हवीत, म्हणून हे लिहितोय.

सर्जन कोण, फिजिशियन कोण

शस्त्राने उपचार करतो तो सर्जन, औषधाने उपचार करतो तो फिजिशियन. आपल्याकडे त्याला 'एमडी डॉक्टर' म्हणतात. दोघेही आधी एमबीबीएस करतात, तिथून वाटा फुटतात: एक एमएसला जातो, दुसरा एमडी मेडिसिनला.

घरातली एक भिंत पाडायची असेल तर गवंडी कितीही तरबेज असो, आधी विचारतो: या भिंतीतून वायर गेलीय का? पाण्याचा पाइप कुठून आहे? न विचारता घाव घालणाऱ्या गवंड्याला आपण घर देत नाही. सर्जनचं तसंच आहे. हर्निया कसा शिवायचा हे त्याला चांगलं येतं. पण त्या माणसाचं हृदय, साखर, मूत्रपिंड भूल आणि ऑपरेशनचा ताण कसा सोसतील, हे तो दुसऱ्या जाणकाराला विचारतो. सर्जनने विचारलं तर घाबरू नका. तो विचारतोय याचा अर्थ तो पुढचा विचार करतोय.

ही वाटणी आपल्याला नवी नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत कायचिकित्सा, म्हणजे औषधाने उपचार, वेगळी आणि शल्य, म्हणजे शस्त्राने उपचार, वेगळं. चरकसंहिता हा कायचिकित्सेचा ग्रंथ, पण गुल्माच्या, म्हणजे पोटातल्या गाठीच्या, अध्यायात पिकलेल्या गुल्मापर्यंत आल्यावर तो थांबतो आणि म्हणतो की इथून पुढे अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या वैद्यांचा, म्हणजे शल्यवैद्यांचा. वैद्यकाच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात 'इथून पुढचं माझं काम नाही' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

युरोपात ही दरी जास्त रुंद होती. फिजिशियन विद्यापीठात शिकलेला, तर सर्जन उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून तयार झालेला. लंडनमध्ये तर १७४५ पर्यंत न्हावी आणि सर्जन एकाच संघटनेत होते. ब्रिटनमध्ये सर्जनला आजही डॉक्टर न म्हणता 'मिस्टर' म्हणतात, ते याच जुन्या फरकामुळे.

टपालाने चालणारी ओपीडी

अठराव्या शतकात खेड्यातला माणूस आजारी पडला की त्याला बघायचा तो गावचा सर्जन. जखमा बांधणं, दात उपटणं, औषधं देणं, सगळं त्याच्याच अंगावर. दुखणं हटेना की तो कागद-दौत घेऊन बसायचा आणि शहरातल्या नामांकित फिजिशियनला सविस्तर पत्र लिहायचा. रोगी घरीच. प्रवास करायचं ते पत्राने.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात विल्यम कलन (१७१० ते १७९०) नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे अशी पत्रं ढिगाने येत. काही रोग्यांची स्वतःची, काही नातेवाइकांची, बरीच गावोगावच्या सर्जनांची. पत्रात वय, राहणी, आजार कसा सुरू झाला, नाडी कशी आहे, झोप, शौच, आतापर्यंत काय देऊन पाहिलं आणि त्याने काय झालं, हे सारं असायचं. कलन उत्तरात औषधं सांगत, पण त्याहून जास्त जागा पथ्याला देत: काय खावं, कपडे कसे घालावेत, घोड्यावरून रपेट किती करावी.

उत्तराची नक्कल ते स्वतःजवळ ठेवत. आधी लेखनिकाकडून हाताने उतरवून घेत. नंतर वाफेच्या इंजिनामुळे नाव झालेल्या जेम्स वॅटने नक्कल काढायचं यंत्र बनवलं, त्याचं पेटंट १७८० चं. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबायचा, की अक्षरं त्यावर उलटी उमटत आणि कागद पातळ असल्याने मागच्या बाजूने सुलटी वाचता येत. कलन यांनी ते लगेच वापरायला घेतलं. म्हणूनच आज त्यांची हजारो पत्रं एडिंबराच्या फिजिशियन कॉलेजात शिल्लक आहेत आणि संगणकावर कोणालाही वाचता येतात.

रोगी न पाहता उपचार सांगणं आपल्याला आज धाडसाचं वाटतं. पण तेव्हा रोग्याजवळ बसूनही फिजिशियनला फार काही जास्त कळत नसे. स्टेथोस्कोप लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये काढला. ताप मोजायची पद्धत त्याच्याही नंतर रुळली. रक्ताच्या तपासण्या नव्हत्या. निदान उभं राहायचं ते मुख्यतः रोग्याच्या हकिकतीवर, आणि हकिकत कागदावर नीट मावते. अडचण एकच होती. लिहिणाऱ्याने महत्त्वाची गोष्ट गाळली, तर वाचणारा आंधळाच. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराच्या टिसो नावाच्या डॉक्टरने १७६१ मध्ये आपल्या पुस्तकात प्रश्नांची यादीच छापली: मला पत्र लिहिणार असाल तर आधी एवढ्याची उत्तरं द्या.

आपल्या चिठ्ठीची ही पूर्वपीठिका. आज रोगी चिठ्ठीबरोबर येतो, रिपोर्टही येतात. तरी लिहिणाऱ्याने गाळलेलं वाचणाऱ्याला दिसत नाही, हे तसंच आहे.

एका चिठ्ठीची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. सुरगाणा तालुक्यातून एकोणीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. आई हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला येणारी. तिने दुधाच्या रिकाम्या पिशवीतून कागद काढला आणि पहिल्यांदा म्हणाली, "सायेब, चिठ्ठी भिजली नाय."

चिठ्ठी तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या सर्जनची. एकच पान. मराठीत तिचा सारांश असा:

'दोन दिवसांपासून पोटात उजव्या बाजूला वरती दुखतंय. ताप नाही. डोळे पिवळसर. हिमोग्लोबिन ७.८. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत, हे नक्की. पण आत्ताचं दुखणं खड्यांचंच आहे याची मला खात्री वाटत नाही, कारण पित्ताशयाची भिंत सुजलेली नाही आणि लहानपणापासून थंडी-पावसात याचे हातपाय ठणकतात. सिकलसेलची सॉल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आहे. माझे तीन प्रश्न. हे दुखणं सिकलसेलचं आहे का? खड्यांचं ऑपरेशन करायचं तर कधी करू? आधी रक्त चढवायचं का, आणि किती? आई एकटी आहे, सारखं नाशिकला येणं तिला परवडणार नाही. एका फेरीत जेवढं होईल तेवढं करावं ही विनंती.'

ही चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. कॉलेजात मला चिठ्ठी लिहायला कोणी शिकवलं नव्हतं; या कागदाने शिकवलं.

यातली वैद्यकीय बाजू थोडक्यात. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात, या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. पाटचारीत गवताचा बुचका अडकला की पुढचं वावर कोरडं राहतं. तशा या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही आणि तो भाग भयंकर दुखतो. या झटक्याला क्रायसिस म्हणतात. तो हाडांत येतो तसा पोटातही येतो, आणि तेव्हा ते दुखणं ऑपरेशनच्या दुखण्यासारखंच भासतं. शिवाय या पेशी लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतून पिवळं द्रव्य निघतं, म्हणून डोळे पिवळे, आणि तेच द्रव्य पित्ताशयात साचून खडे होतात. म्हणजे या मुलाच्या पोटात खडेही खरे आणि क्रायसिसही शक्य. चुकून क्रायसिसमध्येच चाकू लावला तर जीव धोक्यात.

सॉल्युबिलिटी टेस्ट साधी असते. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात, ते गढूळ झालं तर सिकलचा दोष आहे. पण माणूस आजारी आहे की नुसता वाहक, हे ती सांगत नाही. डेअरीत बोटाने दूध बघून त्यात पाणी आहे एवढं कळतं, किती आहे ते लॅक्टोमीटर सांगतो. तसं इथे एचपीएलसी नावाची तपासणी लागते. तिने रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार आणि त्यांचं प्रमाण कळतं. ती आम्ही त्याच दिवशी पाठवली, कारण चिठ्ठीत 'एका फेरीत' असं लिहिलं होतं.

मुलाला दाखल केलं. सलाइन, वेदनाशामक औषधं, ऊब. तिसऱ्या दिवशी पोट शांत झालं. आजार निघाला, वाहक नव्हता. मग मी उत्तर लिहिलं. आत्ता ऑपरेशन नको, हा क्रायसिस होता. खडे मात्र काढावे लागतील, नाहीतर पुढच्या वेळी दोन्हींतला फरक पुन्हा कळणार नाही. सगळं शांत असताना, ठरवून करा. आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणा, त्याहून फार वर नेऊ नका, रक्त घट्ट होईल. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवाल तेव्हा सलाइन चालू ठेवा, त्याला तहानलेला ठेवू नका. थिएटरमध्ये अंग गार पडू देऊ नका. आणि रक्ताची सोय असेल तिथेच करा.

पोटात खडे दिसले, मुलगा कळवळतोय, नातेवाईक 'काढून टाका' म्हणताहेत, अशा वेळी हात आवरून पान भरून लिहायला मोठी हिंमत लागते.

'फिट आहे' म्हणजे नेमकं काय?

सगळ्या चिठ्ठ्या अशा नसतात. बऱ्याच चिठ्ठ्यांवर 'काइंडली गिव्ह फिटनेस' किंवा 'काइंडली डू द नीडफुल' एवढंच असतं. म्हणजे 'योग्य ते करावे'. काय योग्य, ते माझ्यावर सोडलेलं.

निफाडकडचे एक बागायतदार, वय सहासष्ट, अशीच चिठ्ठी घेऊन आले होते. हर्नियाचं ऑपरेशन, फिटनेस हवा. ईसीजी ठीक, साखर ठीक. कागदोपत्री माणूस फिट. निघता निघता त्यांनी सांगितलं, चार महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. चिठ्ठीत ते नव्हतं.

स्टेंट म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून बसवलेली जाळी. नवी जाळी असताना तिच्यात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. ऑपरेशनसाठी त्या थांबवल्या तर जाळी बंद पडण्याची भीती, चालू ठेवल्या तर रक्तस्राव वाढण्याची. मी सर्जनला फोन केला. हर्निया लहान होता, आत-बाहेर होत होता, दुखत नव्हता. मग घाई कसली? हृदयाच्या डॉक्टरांना विचारून काही महिने थांबायचं ठरलं. तोच हर्निया अडकला असता, आतडं काळं पडायला लागलं असतं, तर त्याच माणसाला त्याच दिवशी टेबलावर घ्यावं लागलं असतं आणि मी 'करा' असंच लिहिलं असतं.

म्हणून 'फिट' हा शिक्का नसतो. कसारा घाट उतरण्याआधी जाणता मेकॅनिक 'गाडी चांगली आहे' एवढ्यावर थांबत नाही. ब्रेक गरम होतोय, खालच्या गिअरमध्ये उतर, मध्ये एकदा थांब, असं सांगतो. फिजिशियनच्या उत्तरात हेच हवं: कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, कोणती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच, साखर कुठल्या आकड्याच्या वर गेली तर पुढे ढकला, आणि कशावर लक्ष ठेवा.

"मग फोन किंवा व्हॉट्सॲप का नाही करत?"

करतात, आणि करायलाच हवं. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी पेठहून फोटो काढून आला की मी पाच मिनिटांत सांगू शकतो. सावळ घाटातून गाडी नाशिकला पोचेपर्यंत ती वेळ वाया गेली असती. सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सल्लासेवेत आरोग्य केंद्रातला डॉक्टर तज्ज्ञाशी थेट बोलू शकतो. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-इंटरनेटवरून लांबून उपचार करण्याच्या, मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरने डॉक्टरचा सल्ला घेण्याला जागा दिली आहे आणि एक गोष्ट स्पष्ट केली आहे: सल्ला कोणाचाही असो, विचारणारा डॉक्टरच रोग्याचा उपचार करणारा राहतो आणि जबाबदारी त्याचीच.

पण फोनवरचं बोलणं हवेत विरतं. व्हॉट्सॲपवर तीन फोटो आणि 'सर, ओपिनियन प्लीज' असा मेसेज येतो. संध्याकाळपर्यंत तो चाळीस मेसेजांच्या खाली गेलेला असतो आणि रोग्याच्या हातात काहीच राहत नाही. रात्री त्याला दुसऱ्याच दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला कागद दिसेल, मेसेज दिसणार नाही. तातडी असेल तर फोन, मग कागद. माझा तरी हाच नेम आहे.

"हे कमिशनसाठी तर नाही ना?"

हा प्रश्न लोक मला तोंडावर विचारत नाहीत, बाहेर बाकावर एकमेकांना विचारतात. रोगी पाठवल्याबद्दल पैसे घेण्या-देण्याला आपल्याकडे कट प्रॅक्टिस म्हणतात. ती आहे, हे मी नाकारणार नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत तिला मनाई आहे. महाराष्ट्रात तिच्याविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयार झाला होता. ज्या धंद्यात माणूस विश्वासाने अंगावरचे कपडे उतरवतो, तिथे असा व्यवहार चालावा याची मला मनापासून चीड आहे.

पण प्रत्येक चिठ्ठी तशी नसते. ओळखायची एक साधी खूण सांगतो: चिठ्ठीत प्रश्न आहे का? सर्जनला काय शंका आहे, काय विचारायचंय, हे लिहिलेलं असेल तर ती तुमच्यासाठी लिहिलेली आहे. नुसतं डॉक्टरचं नाव, पत्ता आणि 'लगेच जा' एवढंच असेल तर तिथल्या तिथे विचारा, "डॉक्टर, तुम्हाला त्यांच्याकडून नेमकं काय हवंय?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि चिठ्ठी म्हणजे समन्स नव्हे. ती घेऊन तुम्ही तुमच्या विश्वासातल्या दुसऱ्या फिजिशियनकडे जाऊ शकता. जिल्हा रुग्णालयातही हाच कागद घेऊन जाता येतं.

उत्तर कुठे जातं?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथे. त्याच २००२ च्या आचारसंहितेत दोन्ही बाजू लिहिल्या आहेत: रोगी तज्ज्ञाकडे पाठवताना त्याच्या आजाराचा सारांश बरोबर द्यावा, आणि तज्ज्ञाने आपलं मत पाठवणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवावं. पहिली बाजू बरीवाईट का होईना, पाळली जाते. दुसरी सर्रास राहून जाते.

माझ्याकडूनही राहिली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी फक्त औषधं लिहून द्यायचो. एका आजींच्या रक्तदाबाची गोळी मी बदलून दुसऱ्या कंपनीची दिली, घटक तोच, ताकद जास्त. गावच्या सर्जनला कळवलं नाही. आजी सर्जनकडे गेल्यावर त्यांनी आपली जुनी गोळी चालूच ठेवली, नावं वेगळी असल्याने आजींना कळायचं कारण नव्हतं. त्या तीन आठवडे दोन्ही घेत राहिल्या. पाय सुजून टम्म झाले, उठताना अंधारी यायला लागली, शेवटी न्हाणीत पडल्या. हाड मोडलं नाही, हे त्यांचं नशीब. दोन ओळींचं उत्तर लिहिलं असतं तर हे घडलं नसतं. तेव्हापासून उत्तर लिहिल्याशिवाय मी रोग्याला उठू देत नाही.

तुम्हीही उठू नका. "आमच्या सर्जनसाठी उत्तर द्या" असं म्हणा. चिठ्ठी जाताना तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, उत्तर आल्यावर त्याचाही. सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक पुड्यासुद्धा, पाकिटासकट पिशवीत घाला. 'ती छोटी पांढरी' असं म्हटल्याने आम्हाला काही कळत नाही. आधी झालेलं ऑपरेशन, स्टेंट, कशाची ॲलर्जी, घरात कोणाला सिकलसेल, हे न विचारताही सांगा. दवाखान्यात दाखल होऊन उपचार झाले असतील तर तिथली कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत देणं नियमाने बंधनकारक आहे, तेव्हा ती संकोच न करता मागा.

त्या सुरगाण्याच्या मुलाचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी त्याच सर्जनने येऊन केलं. पंधरा-वीस दिवसांनी मुलाची आई एकटीच माझ्याकडे आली. मुलगा कामावर लागला होता. तिच्याकडे त्याच जुन्या दुधाच्या पिशवीत सर्जनची दुसरी चिठ्ठी होती आणि औषधाची एक छोटी बाटली. चिठ्ठीत चारच ओळी: हिमोग्लोबिन ९.८ वर आणून केलं, रात्रभर सलाइन चालू ठेवलं, त्रास झाला नाही, तुमच्या माहितीसाठी खडे पाठवतोय. बाटली मी उजेडात धरली. सिकलसेलमध्ये असतात तसे, कोळशाच्या चुऱ्यासारखे काळेभोर खडे, सात-आठ.

"हे परत न्यायचे का, सायेब?" आईने विचारलं. मी म्हटलं, "राहू द्या इथंच." आणि उत्तर लिहायला कागद ओढला.